दाराच्या पोटातलं पाणी

दोन हजार बावीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि गाडीला सत्तेचाळीसावं. दोघांपैकी कुणी म्हातारं झालंय असं मला वाटत नव्हतं. पण त्या पावसाळ्यात गाडी आतून भिजायला लागली आणि आषाढापासून नागपंचमीपर्यंत तिनं मला जेवढं रडकुंडीला आणलं, तेवढं सबंध जन्मात ना बैलांनी आणलं, ना भावकीनं.

आज हे आठवायचं कारण घरातच घडलंय. उद्या पंचमी. आमच्या मंडळी, म्हणजे सुभद्रा, सकाळपासून घरातली धारेची आणि टोकाची हत्यारं गोळा करतायत. विळी, कोयता, खुरपं, पोती शिवायचं दाभण. सगळं कोपऱ्यात ठेवून वर पाटी पालथी घालायची, ही त्यांची रीत. पंचमीला चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा चढवायचा नाही, कुठल्या बिळात साधी काडी घालायची नाही. नागाला लागेल. दाभण उचलताना तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. त्या बघण्यात तो सगळा पावसाळा होता. मी कप तोंडाला लावला. चहा कधीच संपला होता.

गाडीचं आधी सांगतो. मुंबईत पूर्वी काळ्या-पिवळ्या टॅक्स्या असायच्या, त्यांच्याच जातीची ही. रंगानं मात्र दुधी. मूळची भोरच्या एका डॉक्टरसाहेबांची. मी वेल्ह्याच्या डोंगरातला, चौथी शिकलेला. भातं घरात आली की पुढं हातांना काम नसायचं, म्हणून त्या महिन्यांपुरता साहेबांकडं ड्रायव्हर म्हणून राहिलो. एक हंगाम म्हणता म्हणता बावीस वर्षं झाली. साहेब थकले, परदेशी मुलीकडं निघाले, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "गणपतराव, विकायची असती तर केव्हाच विकली असती. हिला सांभाळणारा माणूस पाहिजे." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला गणपतराव म्हटलं होतं. आता असा माणूस ती गाडी विकेल का? तुम्हीच सांगा.

पण एक गोष्ट साहेबांनाही माहीत नसावी. त्यांच्याकडं गाडीला पत्र्याचं गॅरेज होतं आणि पावसाळ्यात मी माझ्या चिखलात असायचो, म्हणजे गाडी बंदच. माझ्याकडं आल्यावरही पहिली वर्षं ती गोठ्यात उभी राहिली. दोन हजार बावीस साली दोन म्हशी आल्या. म्हशी आत आणि गाडी बाहेर, असा निकाल सुभद्रानं दिला, आणि गाडी अंगणात आंब्याखाली आली. भोरला पाऊस येतो आणि जातो. आमच्याकडं तो मुक्कामाला येतो. एकदा आला की घरातली भिंत, अंथरूण, काडेपेटी, मीठ, माणसाचा आवाज, सगळं ओलं होतं. त्या पावसात गाडी पहिल्यांदाच उघड्यावर उभी राहिली.

मला गळतीची भीती नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पत्रे आणि स्लॅब येण्याआधी आमच्या गावातली निम्मी घरं मी शाकारलीत. वैशाखात वर चढायचं, फुटकं कौल काढायचं, सरकलेलं बसवायचं. खाली बायकांनी जिथं पातेलं मांडलेलं असतं, तिथं वर भोक कधीच नसतं. पाणी कौलातून आत येतं, वाशावर उतरतं, वाशावरून चालत चालत दोन हात पुढं जातं आणि मग टपकतं. म्हणून थेंबाकडं बघत बसायचं नाही, तो कुठून चालत आला ते बघायचं. हे मला शाळेनं शिकवलं नाही, गुडघ्यांनी शिकवलं. माणसं म्हणायची, गणपानं हात लावलेलं घर गळत नाही. आणि त्याच गणपाच्या अंगणात, त्याच्या गाडीत, त्याच्या बायकोच्या पायाखाली डबकं! लोकांना तर आयतंच मिळालं. दुधाची किटली घेऊन जाणारा माणूस रोज थांबायचा आणि आत वाकून विचारायचा, "काय गणपतराव, किती फुटावर लागलं पाणी?" दुसऱ्या दिवशी परत, "मासं सोडा की दोन-चार."

पुढची काच गळत होती, ते मी पहिल्याच आठवड्यात पकडलं. काचेचं रबर वाळून कडक झालं होतं. शिवऱ्याला हायवेला एक काचवाला आहे, त्याच्याकडं गाडी नेली. त्यानं काच उतरवली, नवं रबर बसवलं आणि म्हणाला, "काका, आता पाण्याचा थेंब आत आला तर मला सांगा." मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "ते माझ्या काचेतून नाही." आणि खरंच त्याच्या काचेतून नव्हतं. पुढचं पाणी बंद झालं होतं. बाजूचं सुरूच होतं.

मग मी माझ्या पद्धतीनं तपास लावायचा ठरवला. सुभद्राला हातात बॅटरी देऊन आत बसवलं, काचा वर केल्या आणि बाहेरून कळशीनं टपावर पाणी ओतायला लागलो. वरून पाऊसही होताच, पण त्याच्यावर माझा विश्वास नव्हता. तो एका जागी पडत नाही.

"दिसतंय का?" मी बाहेरून ओरडलो.

"काय?"

"अगं पाणी!"

"पानी तर समदीकडं दिसतंय. खाली बी हाय, वर बी हाय, तुमच्या हातात बी हाय."

"कुठनं येतंय ते बघ म्हणतोय मी!"

"तुमी वतताय तिकडनं येतंय!"

मी कळशी खाली ठेवली. आतून तिचा आवाज आला, "आता बाहेर येऊ, का अजून एक कळशी हाय?" एवढं खरं, की त्या दिवशी मी जे बघायला हवं होतं ते बघितलं नाही. दाराच्या खालच्या कडेला, बाहेरच्या अंगाला, पाण्याची एक बारीक धार लागलेली होती. मी ती बघितली आणि माझ्या डोक्यात भलताच उजेड पडला.

ह्या गाडीच्या आतल्या वासाबद्दल कुणी मला विचारलं तर मी अजून डोळे मिटून सांगेन. साहेबांच्या वेळी तिच्यात स्पिरिटचा आणि चामड्याच्या बॅगेचा वास असायचा. उन्हात उभी राहिली की त्यात पेट्रोल मिसळायचं. बाळंतपणाच्या निरोपावर आम्ही निघालो की साहेब मागं बसून खिडकीतून शेतं बघायचे आणि मी तो वास घेत गाडी हाकायचो. मला तेव्हा वाटायचं, जगात आपल्याइतकं ऐटीत कुणी बसलेलं नाही. त्या पावसाळ्यात तो वास गेला. भिजलेल्या घोंगडीचा, कुजलेल्या पुठ्ठ्याचा, गोठ्यासारखा वास दार उघडलं की अंगावर यायचा. पायाखाली अंथरलेला काथ्या उचलला की पाणी, पिळला की पाणी, चुलीपुढं वाळवून परत अंथरला की दुसऱ्या दिवशी पाणी. एका सकाळी मागच्या सीटखाली पांढरी छत्री दिसली. अळंबी! सुभद्रानं वाकून बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं. भाजीची सोय झाली." हसावं की गाडीला लाथ घालावी, कळेना. लाथ घातली. अंगठा आठ दिवस ठणकला.

सल्ल्यांना तर ऊत आला होता. कुणी म्हणे साबण चोळा, कुणी म्हणे मेण लावा, कुणी म्हणे गाडीवर ताडपत्री टाका. ताडपत्री टाकून गाडी चालवू कशी, हे कुणी सांगेना. सुभद्रा म्हणाली, चार वासे रोवा, वर पत्रा टाका. मी म्हणालो, गाडी पावसात चालवायला असती, लपवायला न्हाई. हे बोलताना मला फार बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात नाही वाटलं.

तर तो उजेड काय पडला, ते सांगतो.

भाताच्या खाचराला चारी बाजूंनी बांध असतो. त्या बांधात खेकडे बिळं करतात. करंगळीएवढं भोक दिसतं, पण रात्रीत सगळं खाचर रिकामं करून टाकतं. म्हणून पहाटे उठून बांधावरून चालायचं, कुठं बारीक धार लागलीय ते बघायचं आणि टाचेनं चिखल दाबून बीळ बुजवायचं. हे मी सातव्या वर्षापासून करत आलोय. भोक दिसलं की माझा पाय आपोआप उचलतो. डोकं विचारात घ्यायची गरजच पडत नाही.

मी गाडीजवळ आडवा झालो आणि दारांच्या खालच्या कडा बघितल्या. प्रत्येक दाराला दोन भोकं. करंगळीच्या टोकाएवढी, रेघेत, निम्मी मातीनं बुजलेली, अगदी बिळांसारखी. चार दारं, आठ बिळं. म्हटलं, सापडलं! रस्त्यावरचं पाणी उडतं, ह्याच बिळांतून आत चढतं. शेजाऱ्याकडं घराच्या कामातलं डांबर उरलं होतं. डब्यात तापवलं, चिंध्या बुडवल्या आणि आठही भोकं अशी ठासून बंद केली की मुंगी जाणार नाही. उठून उभा राहिलो तेव्हा छाती फुगली होती. सुभद्राला हाक मारली, "झालं बघ. खेकड्याची बिळं होती."

"गाडीत खेकडं?" ती म्हणाली.

"तुला न्हाई कळायचं."

हे तीन शब्द मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन, त्याची मोजदाद नाही. त्या दिवशी जरा जास्तच जोरात बोललो.

दोन दिवस गाडीतली जमीन जरा कमी ओली वाटली. तिसऱ्या दिवशी आम्ही आंबवड्याला निघालो. तिथं सुभद्राचं माहेर. तिचा धाकटा भाऊ किसनराव तापानं अंथरुणाला खिळला होता, त्याला बघायला. तिनं लुगडं चांगलं नेसलं होतं, मोठ्या वहिनीनं दिलेलं, अंजिरी. मार्गासनीपर्यंत सगळं ठीक होतं. नसरापूर सोडून हायवेला लागलो, कामथडीच्या पुढं एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि तिच्या बाजूच्या दारातून, आतल्या पुठ्ठ्याच्या वरच्या फटीतून, तांब्याभर पाणी उसळून तिच्या मांडीवर आलं. कुणी बाहेरून फेकावं तसं. पुढच्या वळणावर आणखी. भोर ओलांडलं, आंबवडं आलं. ती उतरली तेव्हा अंजिरी लुगडं मागनं कमरेपासून पोटरीपर्यंत काळं झालं होतं.

ओटीवर भाचेसुना उभ्या होत्या. एकीनं पदर तोंडावर घेतला. ताप चढलेला किसनराव घोंगडीतून मान काढून म्हणाला, "दाजी, गाडीनं आलासा का होडीनं?" वर म्हणाला, "आक्का, पाय धुवायला पानी नगं दिऊ का? वाटंतच धुतलं जनू."

तापलेल्या माणसाला मी काय बोलणार! गिळून टाकलं. पण सुभद्राचं तोंड मला दिसत होतं. माझी थट्टा झाली तर तिला चालते, ती स्वतःच रोज करते. माहेरच्या ओटीवर, सुनांसमोर, तिची झाली होती. ती आत गेली, भावजयीचं जुनं लुगडं नेसून बाहेर आली आणि परतीच्या वाटेवर सीटवर खताची रिकामी गोणी अंथरून बसली. प्लास्टिकची, वर भाताच्या लोंबीचं चित्र असलेली. घरापर्यंत दोनच वाक्यं बोलली. "पंचमीला म्या म्हायेरी जानार. कोरडी जाईन, न्हाईतर एसटीनं जाईन."

ती गोणी त्या सीटवर मग कायमची राहिली. म्हशीच्या दवाखान्याला जायचं, बाजाराला जायचं, तर तिनं आधी गोणी नीट करायची, मग बसायचं. प्रत्येक वळणाला ती कुरकुरायची. मला तो आवाज दातांत खडा आल्यासारखा व्हायचा.

आता ह्यात आमचा मुलगा सुरेश शिरला. तो पुण्याला कंपनीत असतो. आईनं फोनवर काय सांगितलं कोण जाणे, रविवारी आला आणि म्हणाला, "आबा, ऐकून घ्या. एक माणूस आहे, लग्नाला जुन्या गाड्या भाड्यानं देतो. त्याला ही पाहिजे. लगेच नेतो म्हणतोय."

"नेऊन काय करनार?"

"टप कापणार. उघडी करणार. नवरदेव उभा राहतो ना आत."

मला आधी ऐकूच आलं नाही. ज्या गाडीत थेंब येऊ नये म्हणून मी महिनाभर चिखलात लोळत होतो, काथ्या पिळत होतो, अंगठा फोडून घेतला होता, त्या गाडीचं हा माणूस टपच कापणार होता! वर आभाळ मोकळं! आणि त्यात कुणाचा तरी पोरगा फेटा बांधून उभा राहणार, वाजंत्र्यांसमोर! साहेबांच्या गाडीत! मी काय काय बोललो ते लिहीत नाही. सुरेश शांतपणे ऐकत राहिला. कंपनीत शिकवतात वाटतं तसं.

"तुम्हाला गाडी सुधारता येत नाही, हे मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण आई त्यात गोणीवर बसते, आबा. मला बघवत नाही. पंचमीला आईला कोरडी माहेरी न्या. विषय बंद. परत कधी काढणार नाही. नाहीतर पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला घेऊन येतो."

मी सुभद्राकडं बघितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "त्यो बरूबर बोलतोय."

"ठरलं," मी म्हणालो. शब्द तोंडातून गेला. मी शब्द मागं घेत नाही, हीच तर माझी सगळी अडचण आहे.

पुढचे दिवस आठवले की अजून मान दुखते. टपाच्या सांध्यांना मेण लावलं. दारांच्या कडेला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. आठ भोकांवर डांबराचा दुसरा हात दिला. पाऊस एक दिवस उघडेना. लावणी झालेली होती, शेतं हिरवीगार पाण्यात उभी होती, लोक घोंगड्या पांघरून गप्पा मारत होते, आणि मी एकटा त्या लोखंडाशी कुस्ती खेळत होतो. जेवढं बुजवीन तेवढं आत जास्त पाणी. दारांचे पुठ्ठे फुगून गरोदर बाईच्या पोटासारखे झाले. दार ओढलं की जड लागायचं. मी म्हणायचो, बिजागरी गंजली. बिजागरीला तेल घातलं. सगळ्या घरादारासमोर मी दर सकाळी नवीन कारण सांगायचो आणि दर संध्याकाळी ते खोटं ठरायचं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सुभद्रा निघायला तयार झाली. तेच अंजिरी लुगडं, धुऊन, वाळवून, घडीच्या रेघांसकट. मी सीट जुन्या धोतरानं पुसली होती. तिनं दार उघडलं, पिशवी सीटवर ठेवली, आत हात लावून बघितलं आणि दार परत लावलं. मग थांबली. परत उघडलं, परत लावलं. डोकं वाकवून कान दाराच्या पत्र्याला लावला आणि दार हळूच हलवलं.

"अवो, हिच्या पोटात पानी हाय."

"काय?"

"दाराच्या पोटात. घागरीवानी वाजतंय. ऐका की."

मी कान लावला नाही. लावायला पाहिजे होता.

"वरनं काचंच्या फटीतनं जात आसंल आत," ती म्हणाली. "जायला वाट कुठं हाय त्याला? तुमी खालनं बुजवलं. खाचराला बी वाट ठिवत्यात का न्हाई? मला तुमीच शिकवलं ना, बांधाला वाट नसंल तर बांध फुटतो म्हनून?"

अंगणात त्या वेळी किटलीवाला उभा होता. तो नसता तर, असं मी नंतर पुष्कळदा मनाशी बोललो. पण तो होता, आणि तो हसला.

"तुला गाडीतलं काय कळतं गं?" मी ओरडलो. "जलमभर चिखल तुडवला, आन आता मला गाडी शिकवनार? बावीस वर्सं हाकलीया म्या!"

मग तिनं सीटवरची पिशवी उचलली. घरात गेली, कोपऱ्यातल्या हत्यारांवर पाटी नीट पालथी घातली, पावसासाठी डोईवर पोतं घेतलं आणि फाट्याकडं चालायला लागली. एसटीनं गेली. मी आंब्याखाली उभा राहिलो. करार तिथंच मोडला.

पंचमीचा दिवस मी घरात एकटा काढला. चूल पेटवली पण तवा नाही. पातेल्यावर ताट झाकून ठेवलेलं होतं. उघडलं तर आत दिंडं, पुरणाची, उकडलेली, माझ्यापुरती. एवढ्या रागात जाताना ती करून गेली होती. म्हणजे निघायच्या आधीच केली होती, भांडण व्हायच्या आधी, हे मला कळत होतं. पण ती जाताना घेऊन गेली नव्हती, हेही तेवढंच खरं. मी ओटीवर बसून दोन खाल्ली. समोर गाडी भिजत होती. काचेवरून पाणी ओघळायचं, काच दारात उतरते त्या फटीपाशी यायचं आणि नाहीसं व्हायचं. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ते बाहेरून खाली उतरत नव्हतं. फटीत जात होतं. थेंब कुठून चालत आला ते बघायचं, असं जगाला सांगणारा मी, सवा महिना फक्त डबक्याकडं बघत होतो.

दिवस कलताना डोक्यावर इरलं घेऊन खाचरांकडं गेलो. आमचं सगळ्यात वरचं खाचर भरलं होतं. बांधाच्या कोपऱ्यातली वाट वाहत होती, वरचं जादा पाणी तिच्यातून खालच्या खाचरात, तिथून पुढच्यात, तिथून ओढ्यात. लग्न होऊन सुभद्रा आली त्या पहिल्या पावसात हीच वाट मी तिला दाखवली होती. टाचेनं बांध खणून, रुबाबात. म्हणालो होतो, पाणी आलं तर येऊ दे, त्याला जायला जागा ठेवायची. तिनं तेव्हा मान डोलावली होती. पन्नास वर्षं ती वाट तीच राखते. दर लावणीला, मी विसरलो तरी. मी फक्त खेकड्यांची बिळं लक्षात ठेवली.

घरी आलो. गाडीचं दार हलवलं. घागरीसारखंच वाजलं. सरळ पाटीपाशी गेलो, पाटी उचलली. दाभण वरच होतं. हातात घेतलं आणि तसाच उभा राहिलो. पंचमी. बिळात काडी घालायची नाही. आता गाडीच्या दारात कसला नाग येतोय, हे मलाही कळतं. कुणी बघणारही नव्हतं. पण आईनं घातलेली रीत मी कधी मोडलेली नाही, आणि ह्या पावसाळ्यात मोडण्यासारखं मी बरंच मोडून बसलो होतो. दाभण जागेवर ठेवलं. पाटी घातली. दिवसभर काचेच्या फटीत पाणी जाताना बघितलं होतं, आता पुढचं नुसतं ऐकत पडलो. वैताग म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. काय चुकलंय ते माहीत, कसं सुधारायचं ते माहीत, आणि हात बांधलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हशींच्या धारा काढायच्या आधी, पाटी उचलून दाभण घेतलं. पाऊस होताच. सीटवरची खताची गोणी ओढून काढली, गाडीखाली अंथरली आणि तिच्यावर उताणा झालो. मागच्या दारापासून सुरुवात केली. डांबर दगडासारखं झालं होतं, दाभण फिरवत फिरवत घालावं लागलं. डांबरामागची जुनी मातीही निघाली, पहिलं भोक मोकळं झालं आणि गंजलेलं, लाल, थंडगार पाणी कोपरापासून बगलेपर्यंत आत गेलं. मग दुसरं, तिसरं. तिच्या बाजूचं दार शेवटी ठेवलं. त्याचं पाणी सगळ्यात जास्त वेळ आलं. मी हात बाजूला घेतला नाही.

सुरेशचा फोन आला तेव्हा मी अंग पुसत होतो. "आबा, दुपारपर्यंत येतो आम्ही. गाडी आहे ना घरी?"

"न्हाई," मी म्हणालो. "आंबवड्याला चाललीया. तुझ्या आईला आनायला."

"अहो, पण ठरलं होतं ना, न्यायची..."

"न्यायची ऱ्हायली. आनायची ऱ्हायली न्हाई आजून. तुझ्या मानसाला सांग, ती कोरडी उतरली का न्हाई ते बघूनच जा म्हनावं."

धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. तिच्या बाजूचं दार एकदा उघडून लावलं. नुसता लोखंडाचा आवाज आला, साहेबांच्या वेळचा. गोणी होती तिथंच चिखलात राहू दिली, गाडीत बसलो आणि पाऊस पडत असताना आंबवड्याच्या वाटेला लागलो.